पहिले जहाज लहान असावे की मोठे? बेटांना माल नेणाऱ्या कंटेनर जहाजावरील नोकरीविषयी सल्ला हवा आहे

धरमपेठकर

नमस्कार मंडळी. माझ्या भाच्याने एक वर्षाचा डी.एन.एस. (नौकानयनाची पदविका) अभ्यासक्रम पूर्ण केला असून, चार महिने घरी बसल्यानंतर त्याला डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून पहिले जहाज मिळू घातले आहे. हे जहाज सुमारे सातशे टीईयूचे, म्हणजे वीस फुटी सातशे पेट्या मावतील एवढे आहे. त्याला स्वतःच्या दोन क्रेन आहेत आणि ते कोलंबो, तूतीकोरिन व मालदीवमधील माले यांच्या दरम्यान फेऱ्या मारते. त्याच्याच वर्गातल्या एका मुलाला चोवीस हजार टीईयूचे जहाज मिळाल्याचे कळल्यापासून आमच्या चिरंजीवांचा चेहरा पडला आहे. ताईचे म्हणणे असे की लहान तर लहान, निदान घराजवळ राहील. भाऊजींना मात्र वाटते की पहिल्याच पायरीवर कमीपणा घेऊ नये आणि आणखी दोन-तीन महिने थांबावे.

आमच्या घराण्यात समुद्राशी कोणाचा संबंध आलेला नाही. अशा जहाजावर दिवस कसा जातो, तेथे मुलगा काही शिकतो की नुसताच राबतो, आणि थांबणे शहाणपणाचे आहे का, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

संत्र्याची_फोड

नागपुरातल्या झिरो माइलच्या खांबापाशी उभे राहून कोणत्याही दिशेला तोंड केले तरी समुद्र सारखाच लांब वाटतो, अशा गावातला मुलगा जहाजावर निघाला हेच कौतुकाचे आहे. त्याच्या जहाजाची लांबी किती आहे ते कळवावे, म्हणजे ते फुटाळा तलावात वळू शकेल काय याचा हिशेब मी करून ठेवतो.

इंजिनरूमचा_म्हातारा

फोडसाहेब, एवढे जहाज सव्वाशे ते दीडशे मीटर लांब असते. फुटाळ्यात ते शिरेल कदाचित, परंतु वळणार मात्र नाही.

धरमपेठकर, मी बत्तीस वर्षे इंजिनरूममध्ये काढली. त्यातली शेवटची सहा वर्षे अशाच लहान कंटेनर जहाजांवर चीफ इंजिनिअर म्हणून गेली आणि आता त्रिमूर्तीनगरात निवांत बसलो आहे. लोकांची समजूत अशी असते की जहाजावरच्या माणसाला समुद्रात काम असते आणि बंदरात आराम असतो. बेटांच्या धंद्यातल्या लहान जहाजावर नेमके उलटे असते. कोलंबो ते माले हा प्रवास दीड दिवसाचा, त्यामुळे एका बंदराचा शीण उतरायच्या आत दुसऱ्या बंदराचा पायलट, म्हणजे जहाज आत नेणारा वाटाड्या, शिडीवर उभा असतो. मोठे जहाज आठ-दहा दिवस सलग चालते आणि तेवढ्या अवधीत माणसाला झोपेची, व्यायामाची आणि पत्र्यावरचा गंज काढण्याची सवड मिळते. लहान जहाजावर गंज तेवढाच चढतो, सवड मात्र मिळत नाही.

दुसरा फरक क्रेनचा. मोठ्या बंदरात धक्क्यावरच्या अजस्र गँट्री क्रेन माल उतरवतात आणि जहाजाने नुसते उभे राहायचे असते. बेटावरच्या धक्क्यावर क्रेन असेलच असे नाही, म्हणून जहाज आपली क्रेन आपल्याबरोबर बाळगते. वीस टनांची पेटी उचलून क्रेनचा हात धक्क्याकडे फिरला की जहाज त्या बाजूला कलते आणि पेटी जमिनीला टेकली की पुन्हा सरळ होते. मेसमध्ये बसलो असता चहाचा पेला टेबलावर दोन बोटे उजवीकडे सरकायचा आणि मिनिटाभराने परत यायचा. आमचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, टेबलावर ओले फडके अंथरून मगच ताटे मांडत असे. माल चढता-उतरताना हा कल आटोक्यात ठेवण्यासाठी टाक्यांमधले पाणी इकडून तिकडे सतत पंपाने हलवावे लागते, आणि त्या टाक्यांत किती पाणी आहे हे दोरीला बांधलेल्या पितळी पट्टीने मोजत फिरण्याचे काम कॅडेटच्या वाट्याला येते. तुमच्या भाच्याला हे रात्री तीन वाजता करावे लागेल, याची त्याने आत्ताच तयारी ठेवावी.

मोजमाप

मी विमा कंपन्यांसाठी मालाची पाहणी करतो आणि त्या निमित्ताने अनेक लहान जहाजांवर चढलो आहे. वरील प्रतिसादात गोडवा जरा जास्त झाला आहे असे माझे नम्र मत आहे. लहान जहाजे पुष्कळदा जुनी असतात, मालक एक-दोन जहाजांचाच धनी असतो आणि त्याचे गणित चुकले की पहिली झळ पगाराला बसते. जहाज आणि माणसे बंदरात तशीच सोडून मालक हात झटकतो, असे प्रकार दरवर्षी घडतात. 2024 मध्ये अशा रीतीने वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत सर्वाधिक संख्या भारतीयांची होती. मे 2025 मध्ये कोचीजवळ बुडालेले 'एमएससी एल्सा 3' हेही विझिंजमहून कोचीला निघालेले, 1997 मध्ये बांधलेले जहाज होते. त्यावर सहाशे चाळीस पेट्या होत्या. चोवीसही जण वाचले हे सुदैव.

म्हणून जहाज लहान आहे की मोठे, याआधी ते कोणाचे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे हे पाहावे. प्रत्येक जहाजाला सात अंकी आयएमओ क्रमांक असतो. तो मागून घ्या आणि 'इक्वासिस' या मोफत संकेतस्थळावर टाका, म्हणजे आतापर्यंत कोणत्या बंदरात तपासणी झाली, किती त्रुटी निघाल्या आणि जहाज कधी अडवून ठेवले होते काय, हे सर्व दिसेल.

दर्यावर्दीची_बायको

मोजमाप यांच्याशी मी सहमत आहे, आणि त्यात एक भर घालते. माझ्या यजमानांच्या पहिल्या जहाजाच्या वेळी एका दलालाने 'जागा पक्की करण्यासाठी' दोन लाख रुपये मागितले होते. सासऱ्यांनी एफडी मोडण्याची तयारी केली होती, परंतु ओळखीच्या एका कप्तानांनी वेळीच अडवले. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे नियमाने निषिद्ध आहे. एजंटाकडे डी.जी. शिपिंगचा, म्हणजे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा, आर.पी.एस.एल. (खलाशी भरतीचा) परवाना आहे का, हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरच्या यादीत क्रमांकासह पडताळून पाहा. परवान्याची झेरॉक्स दाखवली एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

राहिला प्रश्न घराजवळ असण्याचा. यजमान मोठ्या जहाजावर होते तेव्हा दहा-दहा दिवसांनी फोन यायचा, पण तासभर निवांत बोलणे व्हायचे. लहान जहाजावर आल्यावर दर दोन दिवसांनी बंदर लागू लागले, किनाऱ्याची रेंज मिळू लागली आणि फोन रोज येऊ लागले. बोलता बोलता मध्येच पलीकडून घोरण्याचा आवाज येत असे. मी फोन ठेवत नसे, मुलीला म्हणत असे की बाबा बोलत आहेत.

बारा_ते_चार

मी सध्या सेकंड ऑफिसर आहे आणि याच पट्ट्यातल्या एका लहान कंटेनर जहाजावरून लिहीत आहे. मूळचा प्रतापनगरचा. वहिनी, तुमचे शेवटचे वाक्य आमच्या मेसमध्ये वाचून दाखवले, दोघेजण उठून बाहेर गेले.

झोपेचा नियम स्पष्ट आहे. कोणत्याही चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळाली पाहिजे, आणि त्या दहा तासांचे दोनपेक्षा जास्त तुकडे करता येत नाहीत. त्यातला एक तुकडा निदान सहा तासांचा असावा लागतो. समुद्रात आमचे वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, चार तासांचे असते आणि आठ तास मोकळे मिळतात, पण बंदराला लागलो की सहा तास काम आणि सहा तास सुट्टी अशी पाळी सुरू होते. कागदावर ते दहा तास बसवले जातात. प्रत्यक्षात तुमच्या सुट्टीच्या सहा तासांत जहाज दुसऱ्या धक्क्याला हलवायचे ठरले, की दोर सोडायला आणि बांधायला सर्वांना उठावे लागते. भाच्याला एवढेच सांगा की विश्रांतीच्या नोंदवहीत खरे तास लिहावेत, कोणी सांगितले म्हणून खोटी सही करू नये. चांगला चीफ ऑफिसर असेल तर तो अशा मुलाला मान देतो, आणि वाईट असेल तर ती वहीच पुढे उपयोगी पडते.

आता शिकण्याविषयी. चोवीस हजार टीईयूच्या जहाजावर सुमारे पंचवीस माणसे असतात आणि आमच्या सातशे-हजारच्या जहाजावर अठरा-वीस. पेट्या वीसपटीहून जास्त, माणसे मात्र जवळजवळ तेवढीच. तेथे मालाची मांडणी किनाऱ्यावरच्या कार्यालयातून तयार होऊन येते आणि कॅडेटला ती पडद्यावर पाहायला मिळते. येथे बेटावरचा एजंट ऐनवेळी सांगतो की चार रीफर (थंड पेट्या) वाढले आणि सिमेंटच्या सहा पेट्या कमी झाल्या, आणि मग चीफ ऑफिसर, मी आणि कॅडेट असे तिघे पेन्सिल घेऊन बसतो. 050382 हा पेटीच्या जागेचा आकडा पाहिला की पाच क्रमांकाची बे (जहाजाच्या लांबीतला कप्पा), मध्यापासून उजवीकडची दुसरी रांग आणि डेकवरचा पहिला थर, हे महिन्याभरात त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहील. जड पेटी खाली आणि हलकी वर हे सर्वांना ठाऊक असते. पण जी पेटी आधी उतरायची ती वर हवी आणि नेमकी तीच जड असली तर काय करायचे, हे लहान जहाजच शिकवते.

अजनी_डेपो

वजनाचा विषय निघाला म्हणून माझी चूक कबूल करतो. मी मालवाहतुकीचे काम करतो आणि गोंदिया-तुमसर भागातल्या गिरण्यांचा तांदूळ पेट्यांमध्ये भरून दक्षिणेकडच्या बंदरांकडे पाठवतो. वीस फुटी पेटीत पन्नास किलोची पाचशे पोती, म्हणजे पंचवीस टन तांदूळ बसतो. 1 जुलै 2016 पासून भरलेल्या पेटीचे पडताळलेले वजन दिल्याशिवाय ती जहाजावर चढत नाही, त्यामुळे एकूण वजनात आम्ही कधी चुकलो नाही. मात्र एकदा हमालांनी ऊन टाळण्यासाठी मागची पोती आत न सरकवता दाराशीच जास्त थर लावले आणि मी दार बंद करताना पाहिले नाही. ती पेटी बेटाच्या बंदरात जहाजाच्या क्रेनने उचलली तेव्हा दाराची बाजू खाली झुकली. एजंटाने मला जो फोटो पाठवला त्यात पेटी एखाद्या उतरत्या छपरासारखी हवेत लटकत होती आणि खाली उभी असलेली माणसे दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होती. तेव्हापासून दार बंद होण्याआधी मी स्वतः आत डोकावतो.

बारा_ते_चार

डेपोसाहेब, अशी पेटी जहाजाच्या पोटात उतरवायची असेल तर आणखी पंचाईत होते. आत उभ्या लोखंडी पट्ट्यांच्या खाचेतून पेटी सरकत खाली जाते, ती थोडी जरी तिरकी असली तरी अडकून बसते. मग क्रेनवाला ती वर घेतो, पुन्हा सोडतो, पुन्हा वर घेतो. आमच्या क्रेनने तासाला बारा-पंधरा पेट्या होतात. अशी एक पेटी अर्धा तास खाते. तुमच्या तांदळाला आम्ही काय काय म्हटले असेल ते येथे लिहिण्यासारखे नाही.

संत्र्याची_फोड

म्हणजे गोंदियाच्या तांदळाला शिव्या खाण्यासाठी मालेपर्यंत जावे लागते. येथे इतवारीत हे काम फुकट झाले असते.

हॅडोची_आठवण

मी नोकरीच्या निमित्ताने अकरा वर्षे पोर्ट ब्लेअरला (2024 पासून अधिकृत नाव श्रीविजयपुरम) शिक्षिका होते. येथे सर्वजण जहाजाच्या आतून बोलत आहेत, मी किनाऱ्यावरून सांगते. तेथे बाजारात कांद्याचा भाव विचारला की दुकानदार भाव सांगण्याऐवजी म्हणायचा, 'जहाज लागले नाही.' हॅडो धक्क्याला चेन्नईचे मालवाहू जहाज लागले की दुसऱ्या दिवशी वह्या, दिव्याचे बल्ब, औषधे, गाडीचे टायर हे सर्व एकदम दुकानात दिसू लागे. चक्रीवादळामुळे जहाज उशिरा आले की आम्ही वसतिगृहात बटाट्याचा हिशेब डझनावर करत असू. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत धक्क्यांची हानी झाली, तेव्हा तर जहाज समोर दिसत असूनही माल हाती यायला किती वेळ लागतो हे आम्ही अनुभवले. बेटावर राहिलेल्या माणसाला लहान जहाज लहान वाटत नाही.

एक शंका आहे. कोलंबोला एवढी जहाजे येतात, मग ती पोर्ट ब्लेअरला माल का आणत नव्हती?

कप्तान_वर्धारोड

बाई, देशाच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल नेणे हा किनारी व्यापार मानला जातो आणि तो मुख्यत्वे भारतीय ध्वजाच्या जहाजांसाठी राखलेला असतो. परदेशी जहाजाला त्यासाठी परवाना लागतो. माले परदेश असल्याने तेथे ही अडचण येत नाही. याच कारणाने धरमपेठकरांच्या भाच्याला पुढे प्राप्तिकराचा एक फायदा होईल. परदेशी फेऱ्यांचे दिवस देशाबाहेरचे म्हणून मोजले जातात, निव्वळ भारतीय किनाऱ्यावर फिरणाऱ्या जहाजावरचे दिवस तसे धरले जात नाहीत. सध्या कॅडेटच्या विद्यावेतनावर कर बसण्याइतके काही नसते, ही गोष्ट वेगळी.

बेटांच्या धंद्याला दुय्यम समजू नये, असे मला आवर्जून सांगायचे आहे. कंटेनरचा इतिहास सांगताना सर्वजण एप्रिल 1956 मधल्या 'आयडियल एक्स' या जहाजाचे आणि त्यावरच्या अठ्ठावन्न पेट्यांचे नाव घेतात. परंतु त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट 1958 मध्ये, 'हवाईयन मर्चंट' हे जहाज डेकवर वीस पेट्या घेऊन कॅलिफोर्नियाहून हवाई बेटांकडे निघाले. कंटेनर आपल्या पायावर उभा राहिला तो हवाई आणि पोर्टो रिको या बेटांच्याच जोरावर.

मी स्वतः काही वर्षे पॅसिफिकमध्ये सुवा, फुनाफुटी आणि तरावा या मार्गावर होतो. फुनाफुटीचा लगून बाहेरच्या समुद्रापासून प्रवाळाच्या कड्याने वेगळा केलेला आहे. आत शिरायची वाट अरुंद असल्याने आम्ही उजेड पडेपर्यंत बाहेरच घिरट्या घालत असू, कारण उथळ पाण्याचा रंग डोळ्यांनी पाहून खात्री करून घेण्याची सवय कोणत्याही यंत्राने सुटत नाही. नाउरूला तर कित्येक वर्षे कंटेनर जहाजासाठी धक्काच नव्हता. जहाज समुद्रातल्या बोयांना बांधायचे आणि पेटी क्रेनने खाली डोलणाऱ्या तराफ्यावर ठेवायची. लाट वर येण्याचा क्षण साधला तर पेटी अलगद टेकते, चुकला तर आदळते. क्रेनवर बसलेल्या माणसाचा श्वास लाटेबरोबर वर-खाली होताना मी पाहिला आहे.

मोजमाप

कप्तानसाहेब, वर्णन उत्तम आहे, पण त्या आदळलेल्या पेटीचा पंचनामा करायला मीच जातो. शिवाय परतीच्या प्रवासाचे कोणी बोलत नाही. बेटे घेतात सर्व काही, पण द्यायला त्यांच्याकडे फार थोडे असते. मालदीवसाठी भारत सरकार 1981 च्या करारान्वये जीवनावश्यक वस्तूंचा कोटा ठरवून देते. 2024-25 साठी त्यात सव्वा लाख टनांच्या आसपास तांदूळ आणि बेचाळीस कोटींहून अधिक अंडी होती. उलट दिशेने गोठवलेले मासे आणि भंगार येते, बाकी पेट्या रिकाम्या.

इंजिनरूमचा_म्हातारा

रिकाम्या पेट्यांचा मुद्दा योग्य आहे आणि कॅडेटने तो समजून घ्यावा. वर रिकाम्या पेट्यांची भिंत आणि तळाशी टाक्यांत भरलेले पाणी अशा अवस्थेत जहाज फार ताठ होते. ते सावकाश डोलत नाही, हिसके देते. नैऋत्य मान्सूनच्या दिवसांत आडव्या लाटा बसू लागल्या की बंकमधून माणूस पडू नये म्हणून गादीच्या कडेखाली लाइफजॅकेट सारून मध्ये खळगा करून झोपावे लागते. हा उपाय भाच्याला आधीच सांगून ठेवा, कोणत्याही अभ्यासक्रमात तो शिकवत नाहीत. धक्क्याला लागताना हीच भिंत शिडासारखा वारा धरते, आणि लहान बेटावर मदतीला दमदार टग (जहाज ओढणारी बोट) असेलच असे नाही.

दर्यावर्दीची_बायको

पेट्या बांधण्याचे काम कोण करते, हेही कोणीतरी सांगावे. यजमानांच्या हाताला त्याच कामात इजा झाली होती.

बारा_ते_चार

वहिनी, नियम आणि वास्तव यांत येथे अंतर आहे. लोखंडी सळया आणि त्यांचे ताणपेच बसवण्या-काढण्याचे काम गोदी कामगारांचे असून ते उपलब्ध असताना खलाशांकडून करून घेऊ नये, अशी तरतूद 2020 पासून आंतरराष्ट्रीय कामगार करारांत आली आहे. बेटांवर कामगार कमी आणि वेळ त्याहून कमी असल्यामुळे पुष्कळदा आमचेच खलाशी जादा मोबदला घेऊन ते करतात. एक सळई पंधरा ते वीस किलोची असते आणि ती डोक्यावर उभी धरून वरच्या पेटीच्या कोपऱ्यातल्या भोकात अडकवायची असते. पेट्या एकमेकींना जोडणारे ट्विस्टलॉक मिठाने गंजून उघडेना की आमचे सारंग (खलाशांचे मुकादम) त्याच्यावर आधी हातोडी, मग ग्रीस आणि शेवटी मालवणी वापरतात, तिसऱ्याने उघडते. कॅडेटने पहिले काही आठवडे फक्त पाहावे, सळईच्या खाली उभे राहू नये आणि क्रेन चालू असताना दोन रांगांच्या मधल्या बोळात शिरू नये.

रीफरची फेरी मात्र पहिल्या दिवसापासून त्याची असेल. दिवसातून दोनदा प्रत्येक थंड पेटीच्या पडद्यावरचे तापमान वहीत लिहायचे. उणे अठराची पेटी उणे बारा दाखवू लागली की इलेक्ट्रिकल ऑफिसरला उठवायचे, तो कितीही चिडला तरी.

धरमपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद मी ताईकडे जेवायला गेलो असता मोठ्याने वाचून दाखवले. सळईचा भाग आल्यावर तिने वरण वाढायचे थांबवले, म्हणून पुढचे मी मनात वाचले.

मोजमाप यांनी सांगितल्याप्रमाणे आयएमओ क्रमांक मागून घेतला. एजंट आधी टाळाटाळ करत होता, पण परवान्याच्या क्रमांकाविषयी विचारल्यावर त्याने दोन्ही एकदम पाठवले. परवाना यादीत सापडला. जहाज सतरा वर्षांचे आहे. मागील तीन वर्षांत तपासणीत सात त्रुटी निघाल्या असून एकदाही ते अडवलेले नाही. हे चांगले की वाईट?

मोजमाप

त्रुटी कोणत्या आहेत ते पाहा. नकाशे अद्ययावत नसणे, दिवा बंद असणे अशा असतील तर हरकत नाही. जीवनरक्षक होडी, अग्निशमन पंप किंवा पगाराविषयीच्या असतील तर नको म्हणा. विमा कोणत्या पी अँड आय क्लबचा (जहाजमालकांच्या विमा संघाचा) आहे तेही विचारा. दोन महिन्यांचा पगार थकला किंवा मालकाने वाऱ्यावर सोडले तर घरी पाठवण्याचा खर्च कोण देणार, याचे प्रमाणपत्र जहाजावर भिंतीला लावलेले असणे बंधनकारक आहे. चढल्यावर त्याने त्याचा फोटो काढून तुम्हाला पाठवावा.

धरमपेठकर

सातपैकी दोन नकाशांविषयी, चार रंगकाम व गंजासंबंधी आणि एक स्वयंपाकघरातील फ्रीजच्या तापमानाविषयी आहे.

इंजिनरूमचा_म्हातारा

गंजाची कारणे मी पहिल्याच प्रतिसादात दिली आहेत. फ्रीजचे मात्र भंडाऱ्याला विचारायला हवे.

माझे मत विचारत असाल तर थांबू नये. सेकंड मेटच्या परीक्षेला बसण्यासाठी त्याला अठरा महिन्यांची समुद्रसेवा हवी आहे आणि घरी बसलेला एकही महिना त्यात धरला जात नाही. पहिले सहा-आठ महिने येथे काढावेत आणि उरलेले मोठ्या जहाजावर मिळवण्याचा प्रयत्न करावा. तेथे त्याला लांब पल्ल्याचे नौकानयन शिकता येईल, जे दीड दिवसाच्या फेरीत नीट शिकता येत नाही. ही लहान जहाजाची खरी उणीव आहे आणि ती मी लपवत नाही.

कप्तान_वर्धारोड

सहमत. फक्त क्रम हाच असावा. मोठ्यावरून लहानावर आलेला कॅडेट रडतो.

धरमपेठकर

भाच्याने होकार कळवला आहे. पुढच्या आठवड्यात कोलंबोला जहाजावर चढेल. त्याने स्वतः एकच प्रश्न विचारायला सांगितला आहे, की सोबत काय न्यावे.

बारा_ते_चार

जाड सुती हातमोज्यांचे सहा जोड, पायाला आधीच सरावलेले सेफ्टी शूज, खिशात मावणारी विजेरी आणि गजराचे साधे घड्याळ, कारण मोबाइलची बॅटरी रात्री तीनलाच संपते. सावजी मसाला आणला तर आमच्या जहाजाच्या बाजूला बर्थ मिळाल्यावर मी स्वतः घ्यायला येईन.

अजनी_डेपो

आणि झुकलेली पेटी दिसली तर नंबर टिपून मला कळवावा. माझी नसेलच, पण कळवावा.